रोइंग मशीन: २००० मीटरभर ३० चा स्ट्रोक रेट टिकत नाही

पट्टाकसून
नमस्कार. मशीन कॉन्सेप्ट टू, मॉनिटर पीएम५, डॅम्पर ८ वर. वजन ७४ किलो, उंची ५ फूट १० इंच. २००० मीटरची सध्याची वेळ ७:४८, सरासरी रेट (मिनिटाला स्ट्रोक) २६. आठ आठवड्यांत ७:३६ गाठायची आहे, त्यासाठी ३० चा रेट शेवटपर्यंत टिकायला हवा.

अडचण अशी की २६ पर्यंत सगळं सुरळीत चालतं. २८ ओलांडला की मॉनिटरवर ३१ दिसतो, पण स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) १:५८ च्या खाली हलत नाही आणि सहाशे मीटरच्या आसपास दम तुटतो. शिवाय मांड्यांच्या आधी जांघेचा वरचा भाग आणि नडगीच्या पुढचा स्नायू भरून येतो. आधी डेडलिफ्ट-स्क्वॉट करून ताकद वाढवावी, की रोज थोडा वेळ ३० नेच मारत राहावं?

मुळाकाठ
ताकद कमी पडत नाहीये. आकडे मांडले की दिसेल.

७:४८ म्हणजे १:५७ चा स्प्लिट, साधारण २१८ वॉट. त्याला २६ ने भागा: दर स्ट्रोकला ८.४. (वॉट भागिले रेट. हा आकडा लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.) ७:३६ म्हणजे १:५४, २३६ वॉट. ते ३० च्या रेटने काढायचे तर दर स्ट्रोकला ७.९ पुरे. म्हणजे तुम्हाला हवी ती वेळ आजच्यापेक्षा हलक्या स्ट्रोकने निघते, फक्त स्ट्रोक जास्त लागतात. आज २०३ च्या आसपास पडत असतील, तेव्हा २२८ पडतील.

आता तुमचं ३१ ला काय होतंय ते बघा. १:५८ म्हणजे २१३ वॉट, भागिले ३१, दर स्ट्रोकला ६.९. स्ट्रोक एकदम पोकळ झालाय, आणि तरी दम लागतोय. कारण ७४ किलोचं शरीर मिनिटाला ३१ वेळा पुढे न्यायचं, थांबवायचं आणि उलट फिरवायचं, ही मेहनत मॉनिटर मोजतच नाही. तो फक्त पंख्याला मिळालेली ऊर्जा मोजतो. पाण्यावर आठ जणांची नाव ३८-४० ने जाताना दिसते तिची बरोबरी इथे करू नये ती याचसाठी. तिथे वल्हेकऱ्याखालून हलकी नाव सरकते, इथे मशीन जागचं हलत नाही.

दुसरं, डॅम्पर ८ वरून आजच काढा. डॅम्पर म्हणजे फक्त हवेची खिडकी, खरा आकडा ड्रॅग फॅक्टरचा, म्हणजे पंख्याच्या चाकाला हवेचा किती अडथळा होतो त्याचा. पीएम५ वर मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर उघडा, आठ-दहा स्ट्रोक मारा आणि ११५ ते १२५ च्या मध्ये येईपर्यंत डॅम्पर खाली आणा. स्वच्छ मशीनवर तो बहुधा ४ च्या आसपास येतो. ड्रॅग जास्त असला की रिकव्हरीत (सीट पुढे परतताना) चाक पटकन मंदावतं, पुढचा कॅच (ओढ सुरू होण्याचा क्षण) जड लागतो आणि ड्राइव्ह (पायांनी रेटून मागे ओढणं) रेंगाळतो. ३० च्या रेटला एका स्ट्रोकसाठी मोजून २ सेकंद असतात. त्यातले ०.९ ड्राइव्हने खाल्ले तर परतायला १.१ उरतात. ड्राइव्ह ०.७ मध्ये झाला तर १.३. घाई होते की नाही, ते या ०.२ सेकंदांत ठरतं.

हातआधी
मुळाकाठ यांच्याशी सहमत. जांघ आणि नडगी भरून येते म्हटलंत, तिथेच दुखणं सापडतं. रिकव्हरीत तुम्ही पायाच्या पट्ट्यांना धरून स्वतःला पुढे ओढताय. हे तेव्हाच करावं लागतं जेव्हा फिनिशला (ओढ संपते तिथे) पाठ फार मागे गेलेली असते आणि हँडल छातीशी क्षणभर थांबलेलं असतं. तो वेळ भरून काढायला मग सीट पळवली जाते.

रेट वाढवायची जागा फिनिशला आहे. हँडल ज्या वेगाने बरगड्यांशी आलं त्याच वेगाने बाहेर गेलं पाहिजे, मध्ये थांबा नाही. आधी हात सरळ, मग कंबरेतून शरीर पुढे, हँडल गुडघ्यांपलीकडे गेलं की मगच गुडघे वर. जास्त रेटला हा क्रम मोडतो: गुडघे आधी वर येतात आणि हँडलला त्यांच्यावरून उडी मारावी लागते. बाजूने मोबाइल लावून ३० च्या रेटचे वीस स्ट्रोक चित्रित करा आणि फक्त साखळीकडे बघा. साखळी जाता-येता एका पातळीत धावली पाहिजे. मधेच कमान दिसली तर क्रम चुकतोय.

सीटचा शेवटचा पाव टप्पा उलट सावकाश हवा. तिथे धडकून आलात की सीट टाचांवर आपटते, नडगी उभ्या रेषेच्या पुढे जाते आणि ड्राइव्ह सुरू करताना सीट आधी मागे पळते, हँडल मागाहून. पीएम५ वर फोर्स कर्व्ह (स्ट्रोकभर जोर कसा लागला त्याचा आलेख) लावून ठेवा. एकसंध टेकडी दिसली तर ठीक. चढ उशिरा सुरू झाला, किंवा मधे खळगा पडला, तर पाय आणि पाठ एकमेकांना सोडून चाललेत.

तीन सराव, प्रत्येक वेळी वॉर्म-अपनंतर:

पट्टे सोडून १० मिनिटं, रेट २० ते २४. फिनिशला जास्त मागे झुकलात तर पाय पाट्यांवरून सुटतात, मशीनच चूक दाखवतं. नुसत्या हातांचे १०, हात-कंबरेचे १०, अर्ध्या सीटचे १०, पूर्ण लांबीचे १० स्ट्रोक, दोन फेऱ्या. आणि तिसरा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा: अर्ध्या सीटवर रेट ३६ ला न्या, मग पाच स्ट्रोकांत हळूहळू पूर्ण लांबी गाठा आणि रेट ३२ च्या खाली जाऊ देऊ नका. लांबी वाढवतानाही हात तितक्याच चपळाईने निघतात, हे यात शरीराला कळतं.

ताल बसत नसेल तर मोबाइलवर मेट्रोनोम ९० वर लावा. एका ठोक्यात ड्राइव्ह, दोन ठोक्यांत परत. रेट बरोबर ३० येतो. २८ साठी ८४.

पट्टाकसून
दोघांचेही आभार. ड्रॅग १६८ निघाला, आता १२० वर आणलाय. पण स्ट्रोक रिकामा वाटतोय, पायाखाली काही लागतच नाही, आणि २४ च्या रेटचा स्प्लिट उलट दोन सेकंदांनी घसरला. हे चालेल का? आणि आठ आठवडे कसे वाटायचे?

मुळाकाठ
चालेल. १६८ ला कॅच आळसावला तरी चाक जड असल्याने पकड मिळते. १२० ला पायांचा धक्का पहिल्या क्षणापासून लागतो, नाहीतर चाक पुढे निघून गेलेलं असतं. साधारण दोन आठवडे द्या. तोवर ओढून स्प्लिट भरून काढू नका, पाय लवकर लावा.

सहावा_आठवडा
आराखडा देतो. आठवड्याला पाच सत्रं धरली आहेत. त्यातली तीन साधी: ४० ते ६० मिनिटं, रेट १८ ते २०, स्प्लिट २:१५ ते २:२०, बोलता येईल इतपत. यात काटछाट नको, २००० मीटरचा दम इथेच तयार होतो. रोज ३० ने मारत राहायचा विचार सोडा. थकलेल्या अंगाने रोज मारलेला आखूड स्ट्रोकच अंगवळणी पडतो.

उरलेली दोन रेटची:

१-२ आठवडे. एक दिवस ३ × ८ मिनिटं, मधे ३ मिनिटं विश्रांती. दर मिनिटाला १० स्ट्रोक ३० ने पण २:०५ ला, बाकी २० ने. मुद्दाम हलकं ठेवलंय. जोर आणि रेट एकदम शिकवू नयेत. दुसऱ्या दिवशी शिडी: ५-४-३-२-१ मिनिटं, रेट २०-२२-२४-२६-२८, दर स्ट्रोकला ८ कायम. म्हणजे स्प्लिट २:१०, २:०६, २:०२, १:५९, १:५६. रेट दोनने वाढला की तीन-चार सेकंद आपोआप मिळतात, वेगळं ओढावं लागत नाही, हे त्यात कळतं.

३-४ आठवडे. १५ × ३० सेकंद ३२ ने १:५४ ला, मधे ३० सेकंद हलकं. दुसरं सत्र ३ × १५००, रेट २४ ते २६, २:०२, विश्रांती ५ मिनिटं.

५-६ आठवडे. ६ × ५००, रेट ३०, १:५४, विश्रांती २:३०. दुसरं ५ × ७५०, रेट २८, १:५६, विश्रांती ३ मिनिटं. याच टप्प्यात माणूस मोडतो, म्हणून एक नियम: स्प्लिट तिथेच आणि रेट दोनने चढला, किंवा दर स्ट्रोकचा आकडा सलग पाच स्ट्रोक ७.३ च्या खाली, की रेट २६ वर आणून ती फेरी संपवा. पोकळ स्ट्रोकने फेरी पूर्ण करण्यात काही मिळत नाही.

७ वा आठवडा. ३ × १०००, रेट २९-३०, १:५६, विश्रांती ५ मिनिटं. दुसरं सत्र ८ × २५०, रेट ३२, विश्रांती १:३०.
८ वा. सगळं निम्म्यावर. चाचणीच्या दोन दिवस आधी ४ × २५० आणि बस.

चाचणीत पहिले पाच-सहा स्ट्रोक आखूड आणि चपळ, रेट ३४ चालेल, पण १५० मीटरपर्यंत २९ वर स्थिर व्हा. पहिले ५०० मीटर १:५२ ने गेले तर ते १२०० ला वसूल होतात. १:५४-१:५५ धरा, शेवटच्या ३०० ला ३२.

श्वासाचं कुणी बोललं नाही. २४ पर्यंत स्ट्रोकला एक श्वास पुरतो. २८ नंतर दोन लागतात: ड्राइव्हला बाहेर, फिनिशला आत, पुढे सरकताना छोटा बाहेर, कॅचच्या आधी छोटा आत. कॅचला मांड्या पोटाशी दाबलेल्या असतात, तिथे खोल श्वास घेता येत नाही. मोठा श्वास फिनिशचाच. हे साध्या सत्रांत शेवटची दोन-दोन मिनिटं घोटवा. सहाशे मीटरला दम तुटण्यात याचाही हात असू शकतो.

साखळीवंगण
मशीनचंही बघा, कारण २४ ला न जाणवणारा दोष ३० ला नडतो.

आतली लवचीक दोरी सैल झाली की हँडल वेळेत परत जात नाही आणि कॅचला साखळी ढिली पडते. मग पायांचा पहिला धक्का ढिलाई गोळा करण्यातच जातो. तपासायला हँडल हातात धरून हळूच पुढे सोडत जा. पंख्याच्या जाळीपर्यंत ते स्वतःहून गेलं नाही तर दोरी ताणून घ्यायची वेळ झालीय.

रूळ आणि सीटची चाकं रोज ओल्या फडक्याने पुसा. चाकाला चिकटलेली काळी पापडी दर स्ट्रोकला टक-टक करते, ती नखाने निघते. साखळीला ५० तासांनी चमचाभर मिनरल ऑइल, कागदी नॅपकिनवर घेऊन. गंज सोडवायचे स्प्रे नकोत, ते वंगण धुऊन नेतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी साखळी पुसा. पंख्यात धूळ साठली की डॅम्पर तोच राहून ड्रॅग उतरतो, म्हणून दर महिन्याला आकडा पुन्हा बघा.

मशीन गुळगुळीत टाइलवर असेल तर ३० च्या वर ते बोट-बोट सरकतं. खाली रबरी मॅट घाला. पायाचा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी, पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथे आला पाहिजे. घोटे कडक असतील तर पाट्या एक भोक खाली घ्या.

हातआधी
एक राहिलं. बरगडीत एकाच बिंदूवर दुखायला लागलं, खोल श्वासाला किंवा कुशीवर वळताना टोचलं, तर त्या दिवशी मशीन बंद आणि डॉक्टरकडे. वल्हवणाऱ्यांच्या बरगडीला ताणाने चीर जाते, ती स्नायूदुखी समजून बरेच जण रेटत राहतात. कंबर धरली तर आधी शेवटच्या फेऱ्यांतला कॅच बघा. दमल्यावर लांबी पायांतून न मिळता पाठ वाकवून मिळवली जाते.

पट्टाकसून
चित्रण करून पाहिलं. साखळीला कमान आहे, चौथ्या-पाचव्या स्ट्रोकपासूनच. उद्यापासून पट्टे सोडून १० मिनिटं आणि मेट्रोनोम ८४ वर. पंधरा दिवसांनी फोर्स कर्व्हचा फोटो इथेच टाकतो.