मदत हवी आहे: रोजच्या पोहण्याने लेकीचे केस राठ झालेत

नमस्कार मंडळी. माझी लेक ११ वर्षांची. जूनपासून रोज सकाळी तासभर तलावावर पोहायला जाते, आणि तिला ते मनापासून आवडतं. पण दोन-तीन महिन्यांत केसांची पार रया गेलीय. वेणी घालताना टोकं झाडूच्या काड्यांसारखी हाताला टोचतात. कोपराच्या आतल्या बाजूची त्वचा पांढरट, खरखरीत झालीय. रात्री झोपेतही खाजवत असते.

आम्ही सध्या काय करतो ते सांगते. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवतो, कारण आधीच ओला असलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. वर सिलिकॉनची टोपी. बाहेर आल्यावर लगेच शॉवर, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. गडबड होते ती इथेच. शाळेची बस ८ वाजता, त्यामुळे अंघोळ कशीबशी उरकते.

टोपीखाली थोडं खोबरेल तेल लावावं असं मनात होतं, पण पाण्यावर तवंग येतो म्हणून प्रशिक्षक नको म्हणतात, आणि ते मला पटतंही. मग तेलाऐवजी काय लावता? शाम्पू रोज करावा का? क्लोरीन काढणारे खास शाम्पू मिळतात, ते लहान मुलांना कुणी वापरलेत का?

खाज थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणारच आहे. पोहणं मात्र बंद करायचं नाहीये. ज्यांची मुलं नियमित पोहतात त्यांनी कृपया अनुभव सांगा.