पंधरा वर्षे ठेवायची गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी?

कोथरूडकर (प्रश्न):
आमची २०१२ ची हॅचबॅक १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. आता जी गाडी घेऊ, ती पंधरा वर्षांची नोंदणी संपेपर्यंत तरी वापरायची, असे घरात ठरले आहे. रोज हिंजवडीला जाणे-येणे, महिन्यातून एकदा सातारा. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा, टाटा यांपैकी कोणाची गाडी दीर्घकाळ कमी त्रास देते? शोरूममध्ये वॉरंटीच्या पुढचे कोणी बोलत नाही.

डिझेलप्रेमी:
नुसते कंपनीचे नाव पाहून उत्तर मिळणार नाही. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे उदाहरण घ्या: तेच मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटच्या पुंटोमध्येही होते. तरीही आज जुनी स्विफ्ट कोणताही फिटर हातात घेतो, आणि पुंटोवाल्याला भाग शोधत फिरावे लागते, कारण फियाटने येथे गाड्या विकणेच थांबवले. उलट टोयोटाची ग्लान्झा ही मूळची मारुतीची बलेनोच असल्याने ती टोयोटाच्या बोधचिन्हामुळे अधिक टिकेल, असे मानण्याचे कारण नाही. टॅक्सीवाल्यांच्या जुन्या इनोव्हाचे दाखलेही जपून घ्यावेत. द्रुतगती मार्गावर गरम इंजिनाने सलग कापलेले लाखभर किलोमीटर आणि कोथरूड-हिंजवडी असे रांगत, क्लच दाबत केलेले लाखभर किलोमीटर यांची झीज सारखी नसते.

एक जुना ग्राहक:
वरील मताशी सहमत आहे, पण गिअरबॉक्सचा मुद्दा राहिला. माझ्या आधीच्या गाडीत (कंपनीचे नाव देत नाही) कोरड्या दुहेरी क्लचचा (म्हणजे दोन क्लच, पण ते थंड ठेवणाऱ्या तेलात नसलेले) स्वयंचलित गिअरबॉक्स होता. वाकडच्या पुलाखाली पाऊल-पाऊल सरकताना तो तापायचा, डॅशबोर्डवर इशारा झळकायचा आणि मागचे हॉर्न वाजवायचे. वॉरंटी संपल्यावर त्याचा जो खर्च आला, त्यात एखादी चांगली जुनी दुचाकी आली असती! त्या गाडीचे इंजिन मात्र अखेरपर्यंत निर्दोष होते. आपली वाट अशीच कोंडीची असेल, तर साधा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) स्वयंचलित गिअरबॉक्स घ्यावा. बाकी लिंक रॉड आणि बुश (सस्पेन्शनचे छोटे भाग) आपल्या रस्त्यांवर सगळ्यांचेच जातात. त्यावरून कंपनीला नावे ठेवू नयेत.

डिझेलप्रेमी:
एक सोपी परीक्षा सांगतो. पसंतीच्या दोन-तीन गाड्यांची यादी घेऊन नाना पेठेत, पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, जा आणि क्लच प्लेट, लोअर आर्म (चाकाला आधार देणारा सस्पेन्शनचा दांडा), एसी कॉम्प्रेसर व हेडलाइट यांचे भाव विचारा. दुकानदार माल लगेच काउंटरवर ठेवतो की "मागवावे लागेल" म्हणतो, हेही लिहून घ्या.

कोथरूडकर:
आभारी आहे. स्वयंचलितचा हट्ट मुलीचा आहे, तेव्हा तिलाही शनिवारी नाना पेठेत सोबत नेतो.