ख्रिस्ती उपासनेचा गाभा उपकारस्तुतीच का?

पायवाट (धागाकर्ता)
उपासनेतून गाणी काढा, प्रवचन काढा, मागण्याही काढा. तरी काहीतरी उरतं. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार मानणं, काढली तर माझ्या मते काहीच उरत नाही. शेवटच्या रात्री येशूने भाकर घेतली, उपकार मानले आणि मग ती मोडली. त्याला शत्रूंच्या हाती धरून देणारा यहूदा त्याच मेजावर बसला होता, हे लक्षात घ्या. इ.स. 155 च्या आसपास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो, त्यातही शास्त्रवाचन आणि बोध झाल्यावर अध्यक्ष भाकर-द्राक्षारसावर यथाशक्ती उपकारस्तुती करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 17 व्या अध्यायात, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठवा. आभार मानायला परत फिरला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ तरी कुठे चुकले? ‘याजकांना दाखवा’ असं सांगितलं होतं, ते तिकडेच निघाले होते. आज्ञा पाळली, पण येशूच्या पायाशी कोणी आलं नाही. देवाने आधी केलंय, आपण मागून येतो, हे ओळखणं म्हणजेच उपासना. बोला.

उंबरठा
साफ असहमत.

शिष्यांनी ‘प्रार्थना करायला शिकवा’ म्हटलं तेव्हा येशूने जे शिकवलं त्यात आभाराचं एक वाक्य नाही. नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, भाकर दे, क्षमा कर, सोडव. सगळ्या याचना. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजाडत नाही. तेही उपासनेसाठीच जपून ठेवलं ना?

एका उपासनेत माझ्या पुढच्या बाकावर नुकतंच मूल गेलेली बाई होती. पुढून सूचना आली, ‘सर्वांनी उभं राहून, हात वर करून देवाचे उपकार मानू या.’ ती उभी राहिली. हात मात्र बाकाची कड घट्ट धरून होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. त्या घडीला तिथे सगळ्यात खरी उपासना तिचीच चालली होती, असं मला वाटतं. तुमच्या व्याख्येत ती बसते का?

तिरकस
आभाराचं फार कौतुक करणाऱ्यांनी लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक यहुदी, काय म्हणतो ते वाचावं. ‘हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे उपकार मानतो.’ सुरेख उपकारस्तुती! घरी नीतिमान ठरून गेला तो छाती बडवणारा जकातदार, ज्याने आभाराचा शब्द काढला नाही. आपल्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, ‘देवाने मला नोकरी दिली’ ऐकताना शेजारच्या बेकाराचं काय होत असेल, कोण बघतं? (अवांतर: साक्ष किती मिनिटांची असावी यावर वेगळा धागा हवा.)

पायवाट
@तिरकस, परूशी आभार मानत नव्हता, हिशेब सादर करत होता. नासलेल्या दुधावरून दूध वाईट ठरत नाही. जुन्या करारातलं लेवीय 7 पाहा: उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवशीही चालायचं. एका माणसाला अख्खा पशू एका दिवसात संपतो का? चार माणसं बोलवावीच लागणार. शेजारच्या बेकाराला त्या जेवणात जागा आहे.

@उंबरठा, हायडलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे 1563 चं प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाचं पुस्तक, तिचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, तुम्ही म्हणता तीच) दोन्ही तिसऱ्या भागात येतात. ज्याने आधी दिलं त्याच्याकडेच माणूस हक्काने मागतो. ती बाई बाक धरून तिथे आली होती, घरी बसली नव्हती. हात वर करायला लावणाऱ्याची बाजू मी घेत नाही.

उंबरठा
प्रश्नोत्तरी लिहिणाऱ्यांनी प्रार्थना कुठल्या भागात टाकली तो त्यांचा प्रश्न. तुम्ही रडण्यालाही ‘आतून कृतज्ञताच’ म्हणणार असाल तर वाद संपला, कारण मग जगात कृतज्ञता नाही असं काही उरणारच नाही. वधस्तंभावर येशूने 22 वं स्तोत्र उच्चारलं: ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्या क्षणी त्यात आभार शोधू नका, प्लीज.

ओलावा
उंबरठा यांना +1, पण 22 वं स्तोत्र पुढे वाचलं तर मंडळीत स्तुती करण्यावरच येतं. 13 वं तर ‘कोठवर?’ पासून गाण्यापर्यंत सहा ओवींत पोचतं.

उंबरठा
पोचतं. 88 वं पोचत नाही. तुमच्या मंडळीत ते शेवटचं कधी वाचलं गेलं?

पायवाट
आमच्याकडे वाचलेलं मला आठवत नाही. वाचायला हवं, आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे त्या शेवटच्या रात्रीच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याआधी. त्यानंतर लगेच कोणी गाणं सुरू करू नये, एवढं मी मान्य करतो. पण मेज तिथेच राहील, आणि भाकर मोडण्याआधी उपकार मानलेच जातील.

तिरकस
मधल्या शांततेत पेटीवाल्याला आवरणार कोण?