राज्यघटना १९३५ च्या कायद्याची नक्कल? काहीही!

कृष्णाकाठ: काल इथेच एकाने लिहिलं, की आपली राज्यघटना म्हणजे इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याला चढवलेली खादी. वाचून डोकं फिरलं. त्या कायद्यात मत कुणाला होतं? ज्याच्याकडे मालमत्ता, कर नाहीतर शिक्षण, त्याला. घटनेने १९५१-५२ ला १७ कोटींवर लोकांना एका फटक्यात मतदार केलं. मूलभूत हक्क होते का १९३५ मध्ये? अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ होतं? उसनवारीच्या आरोपाला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच उत्तर दिलंय, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही म्हणून. मतदार यादी करायला माणूस आला तेव्हा सुमारे २८ लाख बायांनी देशभरात ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं आणि त्यांची नावं गळली. माझ्या आजीने सासूदेखत स्वतःचं नाव सांगितलं. घरात त्यावरून चार दिवस अबोला होता. ही नक्कल?

रोखठोक: ते मीच लिहिलंय आणि मागे घेत नाही. मतदानाचं श्रेय घ्या, दिलं. पण १९३५ चं कलम ९३ आठवा. मंत्रिमंडळं गेल्यावर १९३९ पासून मुंबई प्रांतात गव्हर्नरने त्याच्याच जोरावर कारभार हाकला. तेच आपलं राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६. ते वापरायची वेळच येऊ नये अशी बाबासाहेबांची आशा होती, आणि १९५९ ला केरळचं बहुमतातलं सरकार घालवलं. त्याहून वाईट कलम २२. विनाचौकशी डांबून ठेवायची सोय, तीही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात! माझ्या वडिलांना आणीबाणीत मिसा या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली नेलं तेव्हा आई दारात विचारत होती, गुन्हा काय? कुणी सांगितलं नाही. आणीबाणी उठेपर्यंत नाही.

सीमावासी: तुमचं ३५६ राहू द्या, कलम ३ वर बोला. संसदेने साध्या बहुमताने राज्याची हद्द बदलायची, विधानसभेचं नुसतं मत मागवायचं आणि ते बांधील नाही. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते असंच. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इकडे आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. बाबा सत्तरीतले, स्वतःच्या जमिनीचा कागद शेजाऱ्याकडून वाचून घेतात.

वऱ्हाडी: भाऊ, तुमच्यावर अन्याय झाला, पण कलम ३ ला हात लावू नका. राज्याची संमती सक्तीची असती तर तेलंगण झालं असतं का? आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाने १९५५ लाच वेगळा विदर्भ सुचवला होता. मुंबईच्या संमतीची वाट पाहत बसलो तर आमची नातवंडंही म्हातारी होतील.

सीमावासी: म्हणजे महाराष्ट्र फोडायचाय, सरळ बोला ना! हुतात्मा चौकात उभं राहून बोलून दाखवा.

वऱ्हाडी: हुतात्म्यांचं नाव मध्ये आणून तोंड बंद करू नका. आमच्याकडं शेतकरी गळफास घेतात, तेव्हा तुमचा अखंड महाराष्ट्र कुठं असतो? घटनेच्या कलम ३७१ खाली विदर्भाला मिळालेल्या विकास मंडळाची मुदत २०२० ला संपली. किती मराठी अस्मितावाले रस्त्यावर उतरले? एक नाही.

कृष्णाकाठ: धागा कुठे नेलात दोघांनी! रोखठोक, कलम २२ चं समर्थन मी करणार नाही, ते घालायला नको होतं. पण ३५६ ला वेसणही याच घटनेखालच्या न्यायालयाने घातली, १९९४ च्या बोम्मई निकालात.

रोखठोक: चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर किती सरकारं गेली? आणि कलम २२ आजही तिथेच आहे. ते काढून टाका असं एकदा इथे स्पष्ट लिहा, मग मी नक्कल म्हणणं सोडतो.

वऱ्हाडी: आणि सीमावासी, ३७१ चं उत्तर अजून आलेलं नाही.