विषय: गणेशोत्सवाच्या व्हिडिओ फाइली सभागृहाच्या प्रोजेक्टरवर चालत नाहीत

प्रेषक: सांस्कृतिक समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

काल शाळेच्या सभागृहात जाऊन पेन ड्राइव्ह लावून बघितला आणि डोक्याला हात लावला. लॅपटॉप जोडायचा तर शाळेचा माणूस हजर लागतो, आणि शनिवारी तो नसतो. म्हणजे जे काही दाखवायचं ते प्रोजेक्टरच्या यूएसबी पोर्टातूनच. त्याच्या मॅन्युअलात याबद्दल जेमतेम एक ओळ आहे: एमपी४, एच.२६४, १०८०पीपर्यंत, आवाज एएसी.

आता आपल्याकडे आलेला माल बघा. लेझीमचं रेकॉर्डिंग एमकेव्ही आहे, ते प्रोजेक्टरच्या यादीत येतच नाही. ढोल-ताशाचा सराव आपल्याच यूट्यूब चॅनेलवरून उतरवून घेतलाय, तो वेबएम. त्याचीही तीच गत. मुलांची नाटिका आयफोनवर घेतलेली, एमओव्ही. तिचं नाव दिसतं, आवाज येतो, पडदा मात्र काळा. साताऱ्याच्या ज्या शाळेला आपण पुस्तकं पाठवली होती, त्यांनी तेव्हा दिलेली डीव्हीडी आहे. तिच्यात एकाऐवजी चार-पाच व्हीओबी निघाल्या. आणि आरतीची फाइल सरळ एमपी४, पण पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून कॉपीच होत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं. उत्तर ‘रिप्लाय ऑल’ने दिलंत तरी चालेल, नाहीतर हाच प्रश्न दिवाळीला परत येईल.

– सांस्कृतिक समिती

प्रेषक: एडिसनचे काका

अहो, इतकं काय अवघड आहे? फाइलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहा. आमच्या टीव्हीवर मी असंच करतो, बिनधास्त चालतं.

प्रेषक: साउंड-प्रोजेक्टरवाला

काका, तुमच्या टीव्हीवर ते चालतं, कारण तो टीव्ही शहाणा आहे. नावाकडे दुर्लक्ष करून आत काय आहे ते स्वतः उघडून बघतो. सभागृहाचा प्रोजेक्टर तसा नाही. नाव बदलल्यावर फाइल यादीत दिसेल, पण दाबली की ‘फाइल सपोर्टेड नाही’ म्हणून मोकळा होईल. ऐन कार्यक्रमात.

मूळ मुद्दा एवढाच की एमकेव्ही, एमपी४, वेबएम, एमओव्ही हे सगळे डबे आहेत. डब्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. चित्रासाठी एच.२६४ (२००३ पासूनचं, आज जवळपास प्रत्येक यंत्राला येतं), एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ (२०१३), व्हीपी९, एव्ही१. आवाजासाठी एएसी, ओपस, एसी-३ वगैरे. प्रोजेक्टर अडतो तो कधी डब्यावर, कधी आतल्या मालावर. डब्यावर अडला असेल तर नुसता डबा बदलायचा. दोन मिनिटांचं काम, आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. मालावर अडला असेल तर चित्र नव्याने बांधावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी थोडी धार जाते. म्हणून आधी आत बघायचं, मग हात लावायचा. सरसकट सगळं ‘कन्व्हर्ट’ करत सुटू नका.

आत बघायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये फाइल लावा आणि टूल्स मेनूतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा (विंडोजवर कंट्रोल आणि जे). ‘स्ट्रीम ०’ला चित्र, ‘स्ट्रीम १’ला आवाज, बहुतेक असंच असतं. तिथे एच२६४ किंवा एव्हीसी१ दिसलं की निम्मं काम झालं समजा. एचईव्हीसी किंवा एचव्हीसी१ दिसलं तर झालं नाही.

लेझीमची फाइल मी ड्राइव्हवरून उतरवून बघितली. ती ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केली आहे. ओबीएसच्या जुन्या आवृत्त्या आपणहून एमकेव्हीत साठवतात, कारण मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं. साध्या एमपी४चं तसं नसतं, शेवट नीट लिहिला गेला नाही तर अख्खी फाइल उघडत नाही. आत एच.२६४ आणि एएसीच आहे. म्हणजे फक्त डबा. ज्यांनी रेकॉर्ड केलंय त्यांनी ओबीएसच्या फाइल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ दाबावं, एमपी४ तयार. ओबीएस नसेल तर ॲव्हिडेमक्स घ्या: चित्र ‘कॉपी’, आवाज ‘कॉपी’, खाली आउटपुटला ‘एमपी४ मक्सर’, सेव्ह.

आरतीच्या फाइलीत दोष नाही, पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. प्रोजेक्टर एक्सफॅट (ही मर्यादा नसलेली पद्धत) वाचत असेल तर तसा फॉरमॅट करा (आधी आतलं सगळं काढून ठेवा!). मला मात्र खात्रीचा रस्ता दुसरा वाटतो. दहा मिनिटांची आरती ४ जीबी व्हायचं कारणच नाही, कोणीतरी ४केमध्ये घेतली असणार. १०८०पी करा, दोन्ही प्रश्न मिटतात.

वेबएम, आयफोन आणि डीव्हीडीबद्दल रात्री लिहितो. आता ऑफिसचं काम.

प्रेषक: नाटिकेच्या ताई

धन्यवाद दादा! नाटिका माझ्याकडची आहे. ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकू का? एका साइटवर फुकट होतंय. आणि आणखी एक: नाटिकेला मराठी सबटायटल केली आहेत, एसआरटी फाइल वेगळी आहे. घरच्या टीव्हीवर लावून बघितली तर ‘विघ्नहर्ता’ची वेलांटी भलत्याच जागी गेली आणि अक्षरांखाली पाय मोडलेले दिसले. मुलं हसली, पण आजी-आजोबा हसणार नाहीत.

प्रेषक: खजिनदार

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असेल तर आधी मला कळवा. या वर्षीचं बजेट मोदकांत गेलंय.

प्रेषक: साउंड-प्रोजेक्टरवाला

खजिनदार निर्धास्त असा, सगळं फुकट आहे. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ बदलून देणारं सॉफ्टवेअर घ्या, तेही त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नको, त्याच नावाने भलतंच काही गळ्यात बांधणारे आहेत.

ताई, ऑनलाइन साइट नको. नाटिकेत वीस-पंचवीस मुलांचे चेहरे आणि नावं आहेत. ती अनोळखी सर्व्हरवर चढवायची कशाला? शिवाय अशा साइटी फुकटात ठरावीक आकारापर्यंतच घेतात आणि चित्र किती चेपायचं ते स्वतःच ठरवतात. घरच्या लॅपटॉपवर थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे.

तुमची फाइल एचईव्हीसी आहे. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून नवे आयफोन मुळातच त्यात रेकॉर्ड करतात. फाइल निम्म्या जागेत बसते, हा त्याचा फायदा. जुन्या यंत्रांना ती वाचता येत नाही, हा तोटा. विंडोजच्या काही लॅपटॉपवर तर ती चालवायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून ९९ सेंटचं एक्स्टेंशन घ्यावं लागतं. म्हणून प्रोजेक्टरवर तुमच्या नाटिकेचा आवाज आला आणि चित्र गायब. पुढच्या वेळी शूटिंगच्या आधीच सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवा. आधीच्या व्हिडिओंवर त्याचा परिणाम होत नाही.

हँडब्रेकमध्ये फाइल टाका, प्रीसेट ‘फास्ट १०८०पी३०’, फॉरमॅट एमपी४. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच.२६४, फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’. हे शेवटचं विसरू नका. फोन अंधारात आपल्या मनाने फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, आणि काही प्लेयरवर मग ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. दर्जाचा आकडा (आरएफ) २० ठेवा. इथे गंमत अशी की आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १८च्या खाली गेलात तर पडद्यावर फरक दिसणार नाही, फक्त पेन ड्राइव्ह भरेल.

फोन आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर चित्र एचडीआर (जास्त उजळ, जास्त रंगांचं) असण्याची शक्यता आहे. बदललेल्या फाइलीत नऊवारीचे रंग फिके, धुतल्यासारखे दिसले तर हेच कारण. तसं झालं तर मूळ फाइल मला पाठवा, रंग मी जुळवून देतो. पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, तो आणखी चेपला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं.

सबटायटलचं उत्तर: चित्रातच छापून टाका. टीव्ही आणि प्रोजेक्टर स्वतःच्या फाँटने अक्षरं काढतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची हेही त्यांना ठाऊक नसतं. एसआरटी नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. मग हँडब्रेकच्या सबटायटल्सच्या पानावर ती इम्पोर्ट करा आणि ‘बर्न इन’वर खूण करा. विघ्नहर्ता जागेवर येईल. सबटायटल नसलेली एक प्रतही काढून ठेवा, छापलेली अक्षरं नंतर पुसता येत नाहीत. आणि पूर्ण नाटिका लावण्याआधी रेंजमध्ये पहिली साठ सेकंदं देऊन तेवढाच तुकडा करून बघा.

वेबएममध्ये व्हीपी९ आणि ओपस आहे, म्हणजे डबा बदलून भागणार नाही. पण तो आपल्याच चॅनेलचा असल्यामुळे ज्यांनी चढवला त्यांच्याकडे मूळ फाइल असायला हवी. तीच मागवा. यूट्यूबने एकदा चेपलेलं आपण परत चेपायचं, म्हणजे ताशाच्या काड्या नुसत्या धूसर रेघा दिसतील. मूळ फाइल हरवलीच असेल तर यूट्यूब स्टुडिओतून ‘डाउनलोड’ करा, ती थेट एमपी४ मिळते, फार तर ७२०पी. सभागृहाच्या पडद्याला पुरेल.

साताऱ्याची डीव्हीडी हा खरा खटाटोप. डीव्हीडीवर एकच कार्यक्रम साधारण १ जीबीच्या तुकड्यांत कापलेला असतो, म्हणून चार-पाच व्हीओबी. एकेक तुकडा बदलत बसू नका. हँडब्रेकला ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर दाखवा, तो क्रमाने जोडून घेतो. भारतातली असल्यामुळे ती पाल (तिकडची टीव्ही-पद्धत) आहे, सेकंदाला २५ फ्रेम. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, सवयीने ३० करू नका. मुलं कवायत करताना मध्येच अडखळल्यासारखी दिसतात. हात हलवताना कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर फिल्टर्समध्ये ‘डीइंटरलेस’ला ‘डीकॉम्ब’ निवडलंय ना ते बघा. चित्र मोठंही करू नका. मूळ ७२० बाय ५७६ आहे, १०८०पी केल्याने बारकावे वाढत नाहीत.

प्रेषक: एडिसनचे काका

माझ्याकडे एका जुन्या चित्रपटाची विकतची डीव्हीडी आहे. मध्यंतरात एक गाणं लावायला तीही अशीच करून देतो.

प्रेषक: सचिव

काका, ते राहू दे. विकतच्या डीव्हीडींना बहुतेक वेळा कुलूप असतं, हँडब्रेक त्या उघडत नाही, आणि सार्वजनिक कार्यक्रमात चित्रपट दाखवायचे हक्क आपल्याकडे नाहीत. फक्त आपण केलेलं आणि साताऱ्याच्या शाळेने परवानगी दिलेलं. मध्यंतरात तुमची पेटी ठेवू या.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

लेझीम रीमक्स केलं, आज प्रोजेक्टरवर झकास चाललं. ढोल-ताशाची मूळ फाइल सापडली, ती आधीच एच.२६४ निघाली. नाटिका सबटायटलसकट चालली, ‘विघ्नहर्ता’ शाबूत. आरती १०८०पी केल्यावर ६०० एमबी. डीव्हीडीचं चित्रही उत्तम आलं, फक्त आवाज एका बाजूच्याच स्पीकरमधून येतोय. केबल बदलून बघितली, उपयोग नाही.

प्रेषक: साउंड-प्रोजेक्टरवाला

केबलचा दोष नाही. तिकडे एकच माइक डाव्या चॅनेलला लावून रेकॉर्ड केलं असणार, उजवा रिकामा आहे. हँडब्रेकच्या ऑडिओच्या पानावर ‘मिक्सडाउन’मध्ये ‘मोनो (लेफ्ट ओन्ली)’ निवडून परत काढा. मात्र आत्ता बनवलेल्या एमपी४वरून नको, डीव्हीडीवरूनच. आणि शुक्रवारी दोन पेन ड्राइव्ह भरा, एक माझ्याकडे द्या.