परीक्षेआधी नाइट मारून (रात्रभर जागून अभ्यास करून) मार्क येतात का? मला तरी नाही वाटत

होस्टेल_पुणे:
पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की आमच्या मजल्यावर एकच घोष, आज नाइट मारू. सेमभर अडीच-तीनला झोपायचं, आठच्या लेक्चरला अटेंडन्सपुरतं जाऊन पेंगायचं आणि शेवटी एका रात्रीत चार युनिट उरकायची. अमेरिकेतल्या एमआयटीचा २०१९ चा अभ्यास वाचला. केमिस्ट्रीच्या मुलांना सेमभर मनगटावर फिटबिट बांधून झोप मोजली, ८८ जणांचा डेटा. मार्कांमधल्या फरकापैकी जवळजवळ २५ टक्के फरकाचा संबंध झोपेशी लागला, आणि गंमत म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा काहीच संबंध दिसला नाही, जे काही होतं ते आधीच्या आठवड्या-महिन्यातल्या झोपेचं. म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी लवकर झोपून पण भरपाई होत नाही!

बॅकलॉग_क्लिअर:
भावा, तूच लिहिलंस की आदल्या रात्रीचा संबंध नाही, मग नाइट मारली तर बिघडलं कुठे? एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) मी असाच काढला, मागचे पेपर सोडवून. आणि ज्याचा अभ्यास रोजचा रोज होतो तो निवांत झोपणारच ना, ज्याचा राहिलाय तो जागणार. झोपेमुळे मार्क की अभ्यासामुळे झोप, हे आधी ठरव.

होस्टेल_पुणे:
त्या अभ्यासात सेमभर मोजलेल्या सवयी आहेत रे, नाइट मारून पेपर देणाऱ्याला मार्क येतात असं त्यातून निघत नाही. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर २०२३ मध्ये आलंय, पीएनएएस या विज्ञानाच्या जर्नलमध्ये. तीन विद्यापीठांतली ६०० हून जास्त फर्स्ट इयरची मुलं, सरासरी झोप साडेसहा तास. झोप मोजली सेमच्या सुरुवातीला, जीपीए (म्हणजे सरासरी ग्रेड) बघितला शेवटी, आधीचा जीपीए हिशोबात धरून. रोजचा एक तास कमी तर जीपीए ०.०७ ने कमी. आकडा छोटा आहे, मान्य, पण सहा तासांच्या खाली गेलेल्यांचं नुकसान जास्त दिसलं.

कसारा_लोकल:
तुम्ही होस्टेलवाले झोप "निवडता" म्हणून हा वाद घालताय. मी कसाऱ्याहून दादरला येते, एका बाजूचे दोन तास तरी जातात, संध्याकाळी पार्टटाइम, घरी जेवून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा, परत पहाटे उठायचं. सात तास आणू कुठून? मार्क कमी पडले की ऐकायचं काय, तर तुझी शिस्त नाही. राग येतो मला या अभ्यासांचा.

शिकवते_मी:
कसारा, तुझा राग बरोबर आहे, पण तो अभ्यासावर नको काढूस, टाइमटेबलवर काढ. फर्स्ट इयरच्या व्हायव्हाला मी दरवर्षी बघते, व्याख्या धडाधड येते आणि "असं का?" विचारलं की मुलं गप्प. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, तेवढा वेळच दिला नाही तर सुटं पाठांतर उरतं. वर रात्री अकराला कडक चहा, त्यातलं निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात असतं. आणि आम्ही शिक्षक पण सबमिशनची डेडलाइन रात्री ११.५९ ठेवतो, ती संध्याकाळी सहा करायला काय हरकत आहे?

बॅकलॉग_क्लिअर:
मॅडम, सहा केली तर मुलं आदली रात्र जागतील. त्यापेक्षा पहिलं लेक्चर दहाला ठेवा, या वयात झोपच उशिरा येते, हे तर विज्ञान पण सांगतं.

कसारा_लोकल:
दहाला सुरू केलं की सुटणार सहाला, मग माझी नोकरी गेली आणि घरी पोचायला रात्रीचे आठ तरी. नको. आठच राहू दे. फक्त दहाला लेक्चर संपल्यावर दीडच्या प्रॅक्टिकलपर्यंत जो रिकामा बसवता तो गॅप काढा, सलग घ्या. रोजचे साडेतीन तास तिथेच जातात माझे.