फ्रान्सच्या चौदाव्या लुईची पदके: प्रचार की राजाची हौस?

ठसा: 'सोन्याचांदीची पदके दरबारापुरती होती, शेतकऱ्याने ती पाहिलीच नाहीत, मग त्यांना प्रचार कसं म्हणता?' हे कालचं वाचून राहवलं नाही. शेतकऱ्यासाठी ती नव्हतीच! ती होती परदेशी राजदूतांसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी. लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६३ मध्ये विद्वानांची 'छोटी अकादमी' बसवली, तिचं एक मुख्य कामच पदकांवरची चित्रं आणि लॅटिन वाक्यं ठरवणं. १७०२ मध्ये राजाच्या छापखान्याने २८६ पदकांचा चित्रग्रंथ काढला, त्यासाठी नवं अक्षरवळण कोरून घेतलं. ही हौस?

उत्तररात्र: हौसच, फक्त खर्चिक. आणि राजा नसलेल्या डचांनीही १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचा पराभव झाल्यावर पदक पाडलंच की: 'देवाने फुंकर मारली आणि ते विखुरले.' तेव्हाची रीतच होती ती.

ठसा: रीत होती म्हणून खोटं खरं होतं का? १६८५ चं पदक वाचा: वीस लाख कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंट) कॅथलिक चर्चमध्ये परत आणले म्हणे. सगळ्या देशात होते आठ-नऊ लाख! घरोघरी शिपाई घुसवून धर्म बदलायला लावला, दीड-दोन लाख लोक देश सोडून पळाले.

जुनाबाजार: खोटेपणाचं निघालंच आहे तर विक्रेत्यांचंही बोला. माझ्या काकांच्या गळ्यात एकाने 'लुईच्या काळातलं अस्सल' पदक मारलं. पेन्शनचे पैसे गेले. कडेवर पॅरिसच्या टाकसाळीची खूण, फळाफुलांचं शिंग, उमटवलेलं, म्हणजे १८८० नंतरचं!

उत्तररात्र: त्यात टाकसाळीचा काय दोष? पॅरिसची टाकसाळ जुनी पदकं उघडपणे पुन्हा पाडते. कड आधी बघायची असते.

जुनाबाजार: सत्तरीतल्या माणसाने भिंग घेऊन फिरायचं? फसवणाऱ्याला सोडून फसलेल्याला शिकवता!

तिरकीरेघ: भांडू नका. कडेवरच्या खुणा १८३२ पासूनच्या: आधी दिवा, मग जहाजाचा नांगर, गलबताचं पुढचं टोक, हात, मधमाशी आणि शेवटी शिंग. पण खूण नाही म्हणून पदक जुनंच असं नाही, १८३२ आधीही पुन्हा पाडलेली आहेत. काकांना विकणारा लबाडच.

ठसा: राजा गेल्यावर तीन शतकांनीही त्याचाच चेहरा बाजारात विकला जातोय. आणखी काय पुरावा हवा?

उत्तररात्र: १६८५ चं पदक प्रचार, मान्य. पण एका पदकावरून सगळी २८६ त्यात ढकलू नका.

ठसा: मग १६७२ चं ऱ्हाइन नदी ओलांडल्याचं घ्या. पाण्यात घोडे घातले ते स्वारांनी, राजा काठावर उभा होता. विजय कुणाच्या नावावर कोरला?